उदयसिंगांचा पुकारा

वाशिम शहर संपतं आणि सोयाबीनची वावरं सुरू होतात, त्या सीमेवर आमचं वसुंधरा नगर आहे. पाच-सहा गल्ल्या, मधे एक मोकळी जागा, मागे नाला. कोणी धनजवरून आलेलं, कोणी रिठदचं, कोणी शिरपूरकडचं. मुलांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा म्हातारपणी दवाखाना जवळ असावा म्हणून लोकांनी इथे प्लॉट घेतले आणि घरं बांधली. घरं बरी झाली, पण शेजार काही झाला नव्हता. लोखंडी फाटकं लावून जो तो आपापल्या घरात बसलेला असे. त्या फाटकांच्या कड्या ज्या माणसामुळे निघाल्या, त्याची ही हकिगत.

उदयसिंग राठोड यांचा जन्म एका तांड्यावरचा. आईवडील ऊसतोडीला जायचे आणि थोरला भाऊ गुलाबसिंग घर सांभाळायचा. त्यानंच धाकट्याला शाळेत टिकवलं. उदयसिंग आधी एसटीत वाहक झाले आणि पुढे वाहतूक नियंत्रक म्हणून बसस्थानकावर आले. गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि गाडी फलाटावर लागली की ध्वनिक्षेपकावरून पुकारायची, हे त्यांचं काम. त्यांचा पुकारा इतरांपेक्षा वेगळा असे. बाकीचे शेवटच्या गावाचं नाव घेऊन मोकळे होत. उदयसिंग मात्र रिसोडची गाडी पुकारताना वाटेतल्या प्रत्येक थांब्याचं नाव सावकाश घेत. एकदा एका सहकाऱ्यानं विचारलं, "राठोड, इतकी गावं कायले घेता? पाटी तं लावलीच हाये ना गाडीले."

"पाटी वाचणारा आपून होऊन चढते," उदयसिंग म्हणाले. "मी पुकारतो ते न वाचणाऱ्यासाठी. त्या बाईले आपल्या गावचं नाव आयकू आलं पाह्यजे."

सेवानिवृत्त झाल्यावर ते आणि त्यांची पत्नी मोतीबाई वसुंधरा नगरात राहायला आले. मुलगा हरीओम पुण्याला नोकरीत. मोतीबाईंना हे घर सुरुवातीला अजिबात मानवलं नाही. तांड्यावर सकाळपासून दारात कोणी ना कोणी येत असे. इथे दुपारी ओसरीत बसलं तर समोरच्या गल्लीतून एखादी मोटारसायकल जायची, बाकी सामसूम. "इथी माणसं राह्यतेत का नुसती घरंच हायेत?" असं त्या नवऱ्याला विचारायच्या. उदयसिंग हसायचे आणि म्हणायचे, होईल ओळख हळूहळू.

तशात रुखमाबाई वारल्या. मागच्या गल्लीत रविकांत नावाचा तरुण राहतो, खताच्या दुकानात कामाला आहे. रुखमाबाई त्याची आई. दुपारी तिला एकाएकी अस्वस्थ वाटलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. घरात रविकांत, त्याची बायको आणि तान्हं मूल. खांद्याला माणसं हवीत म्हणून त्यानं रिठदला फोन केला आणि गावाकडून गाडी भरून लोक आले. ते येईपर्यंत मृतदेहाजवळ ती दोघंच बसून होती. नगराचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर रविकांतनं निरोपही टाकला होता. पण त्या दिवशी कोणाचा तरी वाढदिवस होता. केकची चित्रं आणि हात जोडलेल्या बाहुल्या यांच्या गर्दीत तो निरोप वर सरकून गेला. पुढच्या गल्लीतली माणसं घरात बसून क्रिकेटची मॅच पाहत होती.

उदयसिंगांना हे दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याकडून कळलं. ते आत आले आणि खुर्चीवर बसून राहिले. मोतीबाईंनी चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

"काय झालं?" मोतीबाईंनी विचारलं.

"मागच्या गल्लीतली म्हातारी गेली. काल. माणसं मिळाली नाईत तिले न्याले. आपून इथी बसलो होतो, मोती. मी तं दिवसभर रिकामाच होतो."

"मंग आपल्याले कोणी सांगतलं नाई."

"तेच तं," उदयसिंग म्हणाले. "कोणी सांगतलं नाई."

त्या दिवशी ते बाजारात गेले आणि भाजीवाले गळ्यात अडकवतात तसला छोटा भोंगा घेऊन आले. संध्याकाळी धुतलेला पांढरा सदरा घातला आणि पहिल्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. क्षणभर त्यांना संकोच वाटला असावा, कारण भोंग्यातून आधी नुसतं खाकरणं ऐकू आलं. मग तोच बसस्थानकावरचा संथ आणि स्वच्छ आवाज आला.

"वसुंधरा नगरच्या रहिवाशांनी लक्ष द्यावे. मागच्या गल्लीतल्या रविकांतभाऊंच्या आई, रुखमाबाई, काल वारल्या. घरी रविकांतभाऊ, त्यांची पत्नी आणि लहान मूल आहे. ज्यांना भेटायला जायचं असेल, त्यांनी आज जावं. नाल्याकडून तिसरं घर, निळं फाटक."

सगळ्या गल्ल्यांतून ते हेच सांगत गेले. लोक फाटकापर्यंत आले. काही जणांना वाटलं, भंगारवाला आहे. पण ऐकल्यावर बायकांनी डोक्यावर पदर घेतले आणि पुरुषांनी चपला घातल्या. त्या संध्याकाळी निळ्या फाटकाच्या घरात बसायला जागा उरली नाही. कोणी भाकरी आणल्या, कोणी पिठलं. रविकांतच्या बायकोनं पुढे मोतीबाईंना सांगितलं, "मामी, तवापावतो मी रडलीच नव्हती. माणसं आली अन् मंग मले रडू फुटलं."

असा पुकारा सुरू झाला. रोज दिवेलागणीच्या आधी उदयसिंग गल्ल्यांतून फिरत. उद्या पाणी येणार की टँकर, वीज किती वेळ बंद, घंटागाडी का आली नाही, लहान मुलांना डोस पाजायला अंगणवाडीताई कुठे बसणार, नाल्याकडे साप दिसला आहे तर पोरांना तिकडे पाठवू नये. कोणाच्या मुलीला नोकरी लागली, कोणाकडे साखरपुडा आहे, हेही ते पुकारत. अमक्यांची शेळी तमक्यांच्या अंगणात बांधून ठेवली आहे, ओळख पटवून घेऊन जावी, असं एकदा त्यांनी अत्यंत गंभीरपणे जाहीर केलं. त्यावर सगळ्या गल्लीत हशा पिकला आणि शेळी मात्र पाच मिनिटांत घरी गेली.

त्यांचे काही नियम होते. ज्याची बातमी त्यानं स्वतः सांगितली तरच पुकारायची. भांडण, संशय, कोणाच्या घरातली कुरबुर यांतलं काही नाही. एका गृहस्थांनी येऊन सांगितलं, शेजारी आमच्या फाटकापुढे गाडी लावतो, जरा नाव घेऊन पुकारा. उदयसिंग म्हणाले, "साहेब, ते माह्या भोंग्यातून नाई जमणार. चला, मी तुमच्यासंग येतो. दोघं जाऊन बोलू." ते गेलेही, आणि दोघांबरोबर चहा पिऊन हसत परत आले.

सगळ्यांना हे रुचलं असं नाही. पुढच्या गल्लीत इंद्रभान नावाचे मोठे शेतकरी राहतात. रिठदला बरीच जमीन, इथे दोन मजली घर. ते एका संध्याकाळी फाटकातच उभे राहिले.

"राठोडसाहेब, हे काय चालू केलं तुमी? हे काय खेडं हाये का दवंडी पिटाले? आमी शहरात राह्याले आलो."

"तुमाले तरास होते का, भाऊ?"

"होते ना! बातम्या लावल्या की तुमचा भोंगा वाजते."

उदयसिंग वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून इंद्रभानांचं घर आलं की ते भोंगा बंद करत, त्या फाटकासमोरून मुकाट्यानं चालत आणि पुढच्या घरापाशी पुन्हा सुरू करत. झालं असं की इंद्रभानांच्या घरी पाण्याची वेळ कळेनाशी झाली. त्यांची पत्नी कस्तुराबाई मग मागच्या दारानं मोतीबाईंकडे येऊ लागली. "मोतीबाई, उद्या नळ कवा येणार व? आमच्या घरी तं पुकाराबंदी हाये." दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यातून त्यांची चांगली मैत्री झाली.

वसुंधरा नगराचं खरं दुखणं रस्त्याचं होतं. पत्ता वाशिमचा असला तरी ले-आऊट नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर आहे, कर शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीकडे जातो. गल्ल्यांमध्ये काळी माती. पावसाळ्यात तिचा असा चिखल होतो की चपला हातात घ्याव्या लागतात. मागच्या गल्लीत तर सांडपाण्याला वाटच नव्हती, ते रस्त्यावर साचून राहायचं. त्या वर्षी शाळेच्या व्हॅनवाल्यानं आत यायला नकार दिला. इंद्रभानांची सून वर्षाराणी आपल्या लेकीला, निकिताला, कडेवर घेऊन डांबरी सडकेपर्यंत पोचवायची. एकदा दोघीही घसरून पडल्या आणि निकिताच्या कपाळाला खोक पडली.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला उदयसिंग रविकांतला आणि आणखी चार-दोन जणांना घेऊन गेले. सरपंच संगीताताई शांत स्वभावाच्या, स्वतः शेती करणाऱ्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, रस्ता नको असं मी म्हणत नाई. पण ग्रामसभेत मत मांडाले इथल्या मतदारयादीत नाव लागते. तुमच्यापैकी कोणाचं हाये?"

एकेकानं आपापलं गाव सांगितलं. रविकांतचं नाव रिठदला. दुसऱ्याचं शिरपूरला, तिसऱ्याचं धनजला. उदयसिंगांचं तांड्यावर. इथे कोणाचंच नाही. सभेतल्या गावकऱ्यांनी शाळेच्या पडक्या भिंतीचा विषय काढला आणि वसुंधरा नगरचा विषय तिथेच राहिला.

परत येताना रविकांत चिडला होता. "मुद्दाम टाळून राह्यले हे लोक."

"नाई, लेका," उदयसिंग म्हणाले. "त्यायचं काई चुकलं नाई. आपूनच इथी पाहुण्यासारखे राहून राह्यलो. पाहुण्याले कोण विचारते घराचं?"

त्या संध्याकाळच्या पुकाऱ्यात त्यांनी पाणी आणि वीज झाल्यावर एक नवी गोष्ट सांगितली. ज्यांना आपला रस्ता व्हावा असं वाटतं, त्यांनी आपलं नाव इथल्या मतदारयादीत आणावं. कागद कसे करायचे ते राठोड यांच्या घरी विचारावं.

ऐकायला सोपी वाटते ही गोष्ट. पण लोकांना ती फार जड गेली. अमुक गावचा, असं सांगतच प्रत्येकजण मोठा झालेला. गावच्या यादीतलं नाव काढायचं म्हणजे काहीतरी तोडल्यासारखं वाटे. भाऊबंद काय म्हणतील? निवडणुकीला गावी बोलावणं येतं, गाडी येते, मान मिळतो, तो जाईल. उदयसिंग घरोघर बसून समजावत. इंद्रभानांशी गाठ पडली ती मोकळ्या जागेत.

"रिठदचं नाव मी काढणार नाई," इंद्रभान म्हणाले. "तिथं माह्या बापाची समाधी हाये."

"समाधीले मत लागत नाई, भाऊ," उदयसिंग हळूच म्हणाले. "रस्त्याले लागते."

इंद्रभान घराकडे चालू लागले. मात्र वर्षाराणीनं स्वतःचं नाव इथे नोंदवलं आणि सासऱ्यांनी तिला अडवलं नाही.

सगळ्यात आधी उदयसिंगांनी स्वतःचं आणि मोतीबाईंचं नाव हलवलं होतं. ते तांड्यावर कळायला वेळ लागला नाही. एका दुपारी गुलाबसिंग मोटारसायकलवर आले. वय झालेलं, डोक्याला लाल फेटा. ओसरीवरही चढले नाहीत.

"तांड्यातून नाव काढलं म्हंतेत तू. खरं हाये का?"

"दादा, आधी बस तं खरं."

"बसत नाई मी. आमी मेलो का? तुले शाळेत घातलं, एसटीत लावलं, ते ह्याच्यासाठी?"

"दादा, घर माह्यं तिथीच हाये. इथी रस्त्याचं काम अडलं, म्हून..."

"नाव गेलं म्हंजे माणूस गेला," गुलाबसिंग म्हणाले आणि पाणीही न घेता परत फिरले.

मोतीबाई सांगतात, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. तरी संध्याकाळी ते पुकारायला गेले. आवाज फाटत होता. लोकांना वाटलं, धुळीनं बसला असेल.

तो धुळीनं बसलेला नव्हता. दिवाळी गेली, थंडी आली, तरी घोगरेपणा हटेना. उदयसिंग हळद घालून दूध पीत, ज्येष्ठमध चघळत आणि भोंगा जरा जास्त मोठा करून काम भागवत. शेवटी हरीओम पुण्याहून आला आणि बळेच त्यांना अकोल्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. स्वरयंत्रावर गाठ होती, ती काढावी लागणार होती. साधी की वाईट, हे काढल्यावरच कळणार. शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

उदयसिंगांनी विचारलं, "अन् मंग? आधीसारखा आवाज येईन?"

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. बोलता येईल, म्हणाले, पण ओरडता येणार नाही.

शस्त्रक्रिया जानेवारीत ठरली. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा अगदी तोंडावर आली होती. तोवर वसुंधरा नगरातल्या पुष्कळ लोकांची नावं यादीत आली होती. पण नाव येणं वेगळं आणि सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठून सभेला जाणं वेगळं. उदयसिंगांना चिंता होती ती त्याचीच. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीपर्यंत ते हरीओमला म्हणत होते, "सभेनंतरची तारीख मांग ना डॉक्टरले." हरीओमनं ऐकलं नाही आणि ते बरंच केलं.

गाठ निघाली. आणि ती साधी निघाली. मोतीबाईंनी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून देवाचं नाव घेतलं. रजा संपली म्हणून हरीओम पुण्याला परतला. उदयसिंग खाटेवर पडून होते, बोलायची मनाई, गळ्याला मफलर. अशात दारात लाल फेटा दिसला. गुलाबसिंग आले होते, हातात बाजरीची भाकरी आणि लसणाच्या चटणीचं गाठोडं. खाटेजवळच्या स्टुलावर बसले. गाठोडं उशाशी ठेवलं. मग गुलाबसिंग सुरू झाले. तांड्यावरच्या विहिरीचं, वासराचं, लहानपणी दोघांनी चोरलेल्या बोरांचं, आईचं. दुपार झाली तरी ते थांबेनात. उदयसिंग ऐकत होते आणि मान हलवत होते.

"आयुष्यभर हाच बोलला," गुलाबसिंग मोतीबाईंना म्हणाले. "आज पयल्यांदा मी बोलून राह्यलो अन् हा आयकून राह्यला." आणि दोघे भाऊ हसले. एक आवाज करून, दुसरा नुसता खांदे हलवून.

मग गुलाबसिंगच म्हणाले, "मोती, तू जाय घरी. तुह्या कालनीची सभा हाये ना परवा? मी बसतो याच्यापाशी."

मोतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. उदयसिंगांनी दोन्ही हात जोडले.

मोतीबाई पाचवीपर्यंतही शिकलेल्या नाहीत. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्या नवऱ्याच्या मागे उभ्या राहायच्या. वाशिमला उतरल्यावर घरी आल्या, भोंगा गळ्यात अडकवला आणि बटण दाबून पाहिलं. त्यातून कर्कश शिट्टी निघाली. पुन्हा दाबलं, पुन्हा शिट्टी. शेवटी त्यांनी तो खुंटीला टांगला, लुगड्याचा पदर खोचला आणि तशाच निघाल्या.

"रहिवाशांनी लक्ष द्यावे" असं काही त्यांना सुचलं नाही. त्या प्रत्येक फाटकाशी थांबल्या आणि नावानं हाक मारत गेल्या.

"रविकांत, ए रविकांत! परवा ग्रामसभा हाये. बायकोलेही आणजो. तिचंही नाव हाये यादीत."

"मामी, पाहतो."

"पाहतो नाई. तुह्या दारापुढच्या पाण्यात मच्छर किती हायेत, ते पाह्यलं ना? मंग आता सभाच पाह्य."

लोकांनी विचारलं, काका कसे आहेत? त्यांनी सगळ्यांना तेच सांगितलं, गाठ साधी निघाली, आता तुमी सभेले गेले की ते लवकर बरे होतीन. एकदोन घरं झाल्यावर रविकांतची बायको मूल कडेवर घेऊन त्यांच्याबरोबर चालू लागली. मग कस्तुराबाई, या वेळी पुढच्या दारानं. मग आणखी कोणी. शेवटच्या गल्लीत पोचेपर्यंत बायकांचा मोठा घोळकाच झाला होता.

इंद्रभानांच्या ज्या फाटकासमोरून उदयसिंग मुकाट्यानं चालत, तिथे मोतीबाई थांबल्या.

"इंद्रभान भाऊ! तुमचं नाव रिठदले, ठीक हाये. पण म्हाताऱ्या माणसायले सभेपर्यंत कोण नेईन? तुमची गाडी हाये ना?"

इंद्रभान बाहेर आले. बायकोला त्या घोळक्यात पाहून जरा गडबडले. मग म्हणाले, "उदयसिंग कसा हाये?"

"बोलत नाई. घर लय शांत हाये, भाऊ. मले करमत नाई."

इंद्रभान फाटकाला हात लावून उभे राहिले. "मलेही संध्याकाळी चुकल्यासारखं वाटून राह्यलं," ते म्हणाले. "गाडी नेजा. मीच चालवतो."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या मैदानात ग्रामसभा भरली. वसुंधरा नगरची माणसं आली ती सतरंज्या कमी पडतील इतकी. इंद्रभानांनी गाडीच्या फेऱ्या करून म्हातारी माणसं आणून सोडली आणि स्वतः कुंपणाबाहेर उभे राहिले. सभा सुरू होता होता एक रिक्षा आली. तिच्यातून गुलाबसिंग उतरले आणि त्यांच्या मागून मफलर गुंडाळलेले उदयसिंग. दवाखान्यातून पहाटेच सुट्टी घेऊन दोघं अकोल्याहून निघाले होते. सगळं मैदान उठून उभं राहिलं. उदयसिंगांनी हातानं सगळ्यांना बसवलं आणि मागे जाऊन टेकले.

रस्त्याचा विषय निघाला तसा गावातला एक माणूस उठला. "हे प्लॉटवाले लोक. आजवर कधी आले नाईत. आमच्या शाळेची भिंत पडून राह्यली, तिचं काय?"

उत्तर द्यायला वर्षाराणी उठली. ती आधी कधी सभेत बोललेली नव्हती. पदर हातात घट्ट धरलेला होता, पण शब्द अडखळले नाहीत.

"दादा, तुमचं खरं हाये. आमी आलो नाई. आता आलो. माह्यी निकिता पुढच्या वर्षी याच शाळेत येणार हाये. व्हॅन नाई, काई नाई, इथी चालत येईन, रस्ता झाला तं. म्हून शाळेची भिंत आमालेही पाह्यजे. आधी भिंतीसाठी हात वर करा, आमीही करतो. मंग रस्त्यासाठी तुमी करा."

मैदानात कुजबुज झाली. तो माणूस हसून खाली बसला. संगीताताईंनी आधी भिंतीचा ठराव मांडला, वसुंधरा नगरचे सगळे हात वर गेले. मग नाली आणि रस्त्याचा. गावकऱ्यांनी हात वर केले. सरपंचांनी मागे पाहून विचारलं, "उदयसिंग भाऊ, तुमाले काई सांगाचं हाये?" त्यांनी मान हलवली, वर्षाराणीकडे बोट दाखवलं आणि आपला हात उंच केला. शेजारी बसलेल्या गुलाबसिंगांचाही हात वर गेला होता. संगीताताई हसून म्हणाल्या, "बाबा, तुमचं नाव इथं नाई." त्यांनी तो खाली घेतला नाही.

उन्हाळ्यात मागच्या गल्लीची नाली झाली आणि सगळ्या गल्ल्यांत मुरूम पडून रोलर फिरला. डांबर अजून व्हायचं आहे. नाल्याकडचा तुकडा तसाच पडला आहे, त्यासाठी उदयसिंग दर आठवड्याला पंचायतीत जाऊन बसतात. पण व्हॅन आता आत येते, आणि मागच्या पावसाळ्यात कोणाच्या चपला हातात दिसल्या नाहीत.

उदयसिंगांचा आवाज परत आला तो खालच्या पट्टीतला, खरखरीत. दोन हातांवर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल इतकाच. बसस्थानकावर तिन्ही फलाट भरून टाकणारा तो आवाज गेला, याचं त्यांना वाईट वाटलं नसेल असं नाही. पण त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. आता सकाळी ते गल्ल्यांतून फिरतात, कोणाचं काय अडलं आहे ते विचारतात, आणि संध्याकाळी मोतीबाई फाटकाफाटकाशी थांबून ते सांगतात. भोंगा रविकांतनं दुरुस्त करून दिला होता, पण मोतीबाईंनी तो वापरला नाही. त्या हाक मारतात म्हणून लोक बाहेर येतात, आणि बाहेर आलेला माणूस पुढच्या दोन-चार फाटकांपर्यंत त्यांच्याबरोबर चालतो. पुकाऱ्याला आता पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो.

येत्या रविवारी मोकळ्या जागेत डोळे तपासणीचं शिबिर आहे. तिथली बाभळीची झुडपं काढायला शनिवारी सकाळी सगळ्यांनी यायचं ठरलं आहे, विळे-कुऱ्हाडी घेऊन. वर्षाराणीला ती जागा साफ झाल्यावर पोरांसाठी तिथे दोन झोके हवे आहेत, आणि इंद्रभानांनी रिठदहून सागाचे खांब आणायचं कबूल केलं आहे. उदयसिंग आज सकाळच्या गाडीनं शिरपूरला गेले आहेत. शिबिराला येणारे डोळ्यांचे डॉक्टर तिथल्याच दवाखान्यात असतात. फोनवर आपला आवाज त्यांना नीट कळला नाही, म्हणून समोर बसून वेळ पक्की करून येतो, असं सांगून गेले आहेत.